गाडीचे फॉग लाइट घरच्या घरी कसे काढायचे? जॅक लावण्याआधी हे वाचा

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांचं रूप बदलतं. कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या घराबाहेर पडतात आणि उसाने वाकलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. केज तालुक्यातलं युसूफ वडगावही याला अपवाद नाही. त्यात थंडीच्या दिवसांत पहाटे धुई पडते. याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, आजूबाजूला भिजलेली शेतं आहेत. आभाळ मोकळं, वारा पडलेला आणि जमीन ओली असली की रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिच्यालगतच्या हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि सकाळी समोरचं काही दिसत नाही. शेतकऱ्याला काळजी तुरीच्या फुलोऱ्याची, गाडीवाल्याला समोरच्या ट्रॉलीची.

अशा वेळी कामाला येतात ते फॉग लाइट. पण गाडीच्या पुढच्या भागात सगळ्यात आधी फुटतात तेही फॉग लाइटच. ते बंपरमध्ये अगदी खाली बसवलेले असतात. ट्रॅक्टरच्या चाकातून उडालेला खडा, अंदाज न आलेला गतिरोधक, रस्त्यावर सांडलेली उसाची कांडी, अचानक आडवं आलेलं कुत्रं, यातलं काहीही पुरतं. काच तडकते, आत पाणी शिरतं, नाहीतर कान तुटून लाइट लोंबकळायला लागतो.

मग प्रश्न येतो की एवढ्यासाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं का? गावाकडून तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. दुसरीकडे मोबाइलवर 'दहा मिनिटांत फॉग लाइट काढा' असे व्हिडिओ ढिगाने सापडतात. त्यातले बरेच खोटे नसतात. फक्त ते दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचे असतात आणि त्यात काढल्यानंतर मागे राहणाऱ्या वायरीचं, भोकाचं काय करायचं ते सांगितलेलं नसतं.

आधी हे बघा: लाइट खरंच काढायचाय का?

फॉग लाइट लागत नाही म्हणजे तो खराब झाला असं नाही. आधी फ्यूज तपासा. फ्यूज बॉक्स बहुतेक गाड्यांत दोन ठिकाणी असतात, एक बॉनेटखाली आणि एक स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डच्या आत. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा हे छापलेलं असतं. दोन्ही लाइट एकदम बंद पडले असतील तर संशय फ्यूज, रिले किंवा स्विचवर घ्या. दोन्ही बल्ब एकाच वेळी उडण्याची शक्यता कमीच. एकच लाइट बंद असेल तर बल्ब किंवा त्याचा कपलर.

कपलर म्हणजे वायरीच्या टोकाला असलेली प्लास्टिकची पिन-जोडणी. चिखल आणि पाणी तिथे थेट उडतं, त्यामुळे आतल्या पिना हिरवट-पांढऱ्या होतात आणि करंट पुढे जात नाही. आणखी एक गावाकडचा शत्रू आहे उंदीर. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ लावलेल्या गाडीची वायर कुरतडलेली सापडणं ही नवलाची गोष्ट नाही. तसं असेल तर लाइट बदलून काहीच उपयोग नाही.

काचेच्या आत सकाळी थोडी वाफ धरली आणि लाइट चालू केल्यावर थोड्या वेळात ती गेली, तर तेही चालतं. लाइटच्या मागे हवा खेळायला बारीक वाट ठेवलेली असते. पण खाली पाणी साचून हलताना दिसत असेल तर सील गेलेलं आहे आणि अख्खा लाइट काढावा लागेल. काच तडकली असेल तरीही तेच. तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावून लोक महिनोनमहिने फिरतात. तापलेल्या बल्बवर थंड पाण्याचा थेंब पडला की तो फुटतो, एवढं मात्र त्यांनी लक्षात ठेवावं.

विमा मागायचा विचार असेल तर हिशेब आधी करा. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारच्या दाव्यात पहिले १,००० रुपये मालकालाच भरावे लागतात. प्लास्टिकच्या पार्टवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जातो, जो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. एका फॉग लाइटसाठी हा सौदा बहुतेक वेळा तोट्याचा. म्हणूनही हे काम घरी करण्याकडे लोकांचा कल असतो.

फॉग लाइट इतका खाली का असतो?

हे कळलं की काढताना काय जपायचं तेही कळतं.

धुक्यात हेडलाइटचा अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. कारण प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून थेट डोळ्यांत परत येतो. फॉग लाइट जमिनीजवळ असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो आणि वरच्या बाजूने तो सुरीने कापल्यासारखा थांबतो. डोळ्यांच्या रेषेत प्रकाश जातच नाही, त्यामुळे परत येणारा उजेड कमी. रस्त्याची कड, पांढरा पट्टा आणि पुढची काही मीटर जागा दिसते. त्याचं काम एवढंच आहे. फॉग लाइट लावला म्हणून दूरचं दिसतं हा गैरसमज आहे.

पिवळा प्रकाश धुकं 'फाडतो' हेही तितकंसं खरं नाही. आकाश निळं दिसतं कारण हवेचे रेणू प्रकाशाच्या लहरीपेक्षा खूप लहान असतात आणि निळा रंग जास्त विखुरतात. धुक्याचे थेंब मात्र प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा उजेड काही डोळ्यांना कमी बोचतो, इतकंच. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत नव्या गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, नंतर तो नियम गेला.

मुद्दा हा की फॉग लाइटची सगळी करामत त्या कापलेल्या कडेत आणि झोताच्या उतारात आहे. लाइटच्या मागे किंवा बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की झोत वर-खाली होतो. घरी लाइट काढणारे सगळ्यात जास्त वेळा नेमका हाच स्क्रू, तो लाइट धरून ठेवणारा आहे असं समजून, उलटा फिरवतात. लाइट सुटत नाही आणि सेटिंग मात्र जातं.

म्हणून काढण्याआधी आदल्या रात्री एक काम करा. गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करा, पाच-सहा मीटरवर. फॉग लाइट लावा आणि भिंतीवर प्रकाशाची वरची कड जिथे थांबते तिथे खडूने रेघ मारा. गाडीची चाकं कुठे होती तिथेही जमिनीवर खूण करा. एक लाइट फुटलेला असेल तर चांगल्या बाजूची रेघ घ्या. नवा लाइट बसवल्यावर गाडी त्याच खुणांवर आणून रेघ जुळवायची. याला पैसा लागत नाही आणि गॅरेजवालेही क्वचितच करतात.

तुमच्या गाडीत हात कुठून जातो?

इथे एकच उत्तर नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही रस्ता वेगळा असतो. गाडीसोबत मिळालेलं मालकाचं पुस्तक, जे बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकसकट पडून असतं, त्यात बल्ब बदलण्याचं प्रकरण काढा. बल्बपर्यंत जायची जी वाट तिथे दाखवली आहे तीच बऱ्याचदा लाइट काढायचीही वाट असते.

साधारण तीन प्रकार दिसतात. पहिल्यात लाइटभोवतीची प्लास्टिकची जाळी किंवा रिंग पुढूनच निघते आणि मागचे स्क्रू उघडे पडतात. दुसऱ्यात चाकाच्या वरचं आतलं प्लास्टिक, म्हणजे मडगार्डचं अस्तर, थोडं सोडवून हात आत घालावा लागतो. तिसऱ्यात अख्खा बंपर उतरवल्याशिवाय लाइट निघत नाही.

पहिले दोन घरी करण्यासारखे आहेत. तिसरा नाही, निदान पहिल्यांदा करणाऱ्याने तरी नाही. बंपर दिसतो तेवढा साधा राहिलेला नाही. त्याच्या मागे एअरबॅगचे सेन्सर, पार्किंग सेन्सरच्या वायरी, काही गाड्यांत कॅमेरा किंवा रडार असतं. बाजूच्या प्लास्टिकच्या खाचा एकदा तुटल्या की बंपर आणि मडगार्ड यांच्यामधली फट कायमची राहते. फॉग लाइटचे पैसे वाचवायला जाऊन बंपरचा खर्च ओढवून घेण्यात अर्थ नाही. अशी गाडी सरळ मेकॅनिककडे न्या.

आणखी एक अट. नव्या गाड्यांत दिवसा चालू राहणारी एलईडी पट्टी आणि फॉग लाइट कधीकधी एकाच जोडात असतात. तिथे वेगळा बल्ब नसतो आणि कपलर काढला तर बाकीचे दिवेही बंद पडू शकतात.

काय काय लागेल?

फुल्ली असलेला स्टार स्क्रू ड्रायव्हर, चपटा स्क्रू ड्रायव्हर, दहा नंबरचा पाना किंवा गोटी. बहुतेक गाड्यांत एवढ्यावर भागतं. काही गाड्यांना सहा कोनी चांदणीसारख्या खाचेचा टॉर्क्स पाना लागतो. बंपरचं प्लास्टिक ओरखडू नये म्हणून चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापडी पट्टी गुंडाळा. हातमोजे, इन्सुलेशन टेप, प्लास्टिकची झिप टाय आणि स्क्रू ठेवायला एक वाटी. खाली पडलेला काळा क्लिप काळ्या मातीत सापडत नाही, त्यामुळे गाडीखाली जुनी चादर किंवा गोणपाट अंथरा.

दुपारची वेळ निवडा. पहाटेच्या थंडीत प्लास्टिक कडक झालेलं असतं, जरा ताण दिला की कटकन मोडतं. उन्हात तापलेलं प्लास्टिक लवतं.

जॅकचं काय?

या सगळ्या कामात जीवाला धोका एकाच गोष्टीत आहे आणि ती म्हणजे जॅक. फॉग लाइट काढताना शॉक बसून कुणी दगावत नाही, १२ व्होल्टचा तो प्रश्नच नाही. पण गाडीसोबत मिळणारा जॅक हा चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं, छाती किंवा हातही घालायचा नाही.

मराठवाड्यात याला आणखी एक कारण आहे, काळी माती. अंगणात वरून कडक दिसणारी जमीन आत मऊ असते आणि गाडीचं वजन आलं की जॅकची तळपट्टी हळूहळू रुतते, एका बाजूला झुकते आणि गाडी घसरते. त्याखाली विटा लावणं हा तर सरळ घात, वीट वजनाने फुटते. उचलायचीच असेल तर सिमेंटचा किंवा फरशीचा भाग शोधा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि चेसिसखाली जॅक स्टँड ठेवा. गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात. घोडी नसेल तर गाडी उचलू नका.

बऱ्याचदा उचलायची गरजही नसते. स्टिअरिंग विरुद्ध बाजूला पूर्ण फिरवलं की चाकापुढे हात जाण्याएवढी जागा होते. डावा लाइट काढायचा असेल तर स्टिअरिंग उजवीकडे, उजव्यासाठी डावीकडे.

प्रत्यक्ष काम

गाडी बंद करा, चावी काढा. दिवे नुकतेच लावलेले असतील तर अर्धा तास थांबा, हॅलोजन बल्ब चटका बसेल इतका तापतो. मग फॉग लाइटचा फ्यूज काढा. बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे काळी, वायर काढली तरी चालतं. मात्र त्याने घड्याळ आणि म्युझिक सिस्टिमचं सेटिंग जातं, काही गाड्यांत काच आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते. नुसत्या लाइटसाठी फ्यूज पुरेसा आहे.

पुढून निघणारी जाळी असेल तर आधी नीट निरखा. कुठे स्क्रू आहे का? तो काढल्याशिवाय ओढू नका. नसेल तर एका कडेला कापड गुंडाळलेलं टोक घालून हलकेच उचला. पहिला क्लिप सुटल्याचा आवाज येईल, मग बोटांनी कडेकडेने पुढे जा. मधूनच जोर लावून उपटलं तर खाचा तुटतात. जाळी निघाली की लाइट दोन ते चार स्क्रूंवर बसलेला दिसेल. तो सेटिंगचा स्क्रू यापैकी नाही, याची खात्री करा. धरून ठेवणारे स्क्रू लाइटच्या कानांतून आरपार बंपरच्या चौकटीत जातात. सेटिंगचा स्क्रू लाइटच्याच अंगात असतो आणि बहुतेक वेळा प्लास्टिकच्या दातेरी चाकाला जोडलेला असतो.

चाकाच्या बाजूने जायचं असेल तर अस्तराचे क्लिप काढावे लागतात. हे क्लिप दोन तुकड्यांचे असतात, मधली पिन आणि बाहेरची टोपी. काही ठिकाणी मधली पिन वर ओढायची असते, काही ठिकाणी थोडी आत दाबायची असते. पिनेवर खाच असेल तर ती ओढायची, गुळगुळीत असेल तर आधी दाबून बघायची, असा ढोबळ अंदाज लावता येतो. अख्खं अस्तर काढायचं नाही. पुढचे चार-पाच क्लिप आणि खालचे एक-दोन स्क्रू काढले की ते मागे वाकवता येतं. त्यात साठलेला चिखल आधी ब्रशने झाडून घ्या, नाहीतर तो सगळा डोळ्यांत येतो.

आता कपलर. त्याच्यावर एक छोटी जीभ असते, ती दाबून धरायची आणि कपलरचं अंग धरून मागे ओढायचं. वायर धरून ओढायचं नाही. धुळीने जीभ बसून गेली असेल तर कपलर आधी जरा आत ढकला, मग जीभ दाबा, सुटतो. नुसता बल्ब बदलायचा असेल तर काम इथेच संपतं. बल्ब घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवला की बाहेर येतो. नवा हॅलोजन बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटांचं तेल काचेवर राहिलं की त्या जागी ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

लाइट काढायचा असेल तर स्क्रू सोडवा आणि तो सरळ बाहेर घ्या. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा. जबरदस्ती केली तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग ड्रिलशिवाय पर्याय राहत नाही. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढत जा. रीलसाठी नाही, परत लावताना कुठला स्क्रू कुठे होता हे आठवायला. लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांब स्क्रू चुकीच्या जागी बसून मागची भिंत फोडतो.

काढल्यावर मागे काय राहतं?

व्हिडिओ जिथे संपतात तिथूनच घरच्या कामाची खरी परीक्षा सुरू होते. समोर एक भोक आहे आणि त्यात एक कपलर लोंबतो आहे.

नवा लाइट दुसऱ्या दिवशी येणार असेल तर फार काही करायचं नाही. कपलरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि टेप लावा, तोंड खाली करून आतल्या एखाद्या वायरीला झिप टायने बांधा. पण लाइट महिनाभर लागणार नसेल तर फ्यूज काढलेलाच ठेवा, तो फ्यूज फक्त फॉग लाइटचा असल्याची झाकणावर खात्री करून. उघड्या पिनांत पाणी गेलं आणि कुणी चुकून स्विच दाबला तर फ्यूज उडेल, नाहीतर पिना जळतील. वायर मात्र कापायची नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापून मारलेला जोड हे दावा नाकारायला आयतं कारण ठरू शकतं. वॉरंटी संपली असली तरी कापलेली वायर पुन्हा जोडणं हे कपलर खोचण्याइतकं सोपं नाही.

भोकाचा उपाय तर फारसा कुणाला माहीत नसतो. ज्या मॉडेलमध्ये फॉग लाइट येतात त्याचंच खालचं, स्वस्त व्हेरिएंट बहुतेक वेळा फॉग लाइटशिवाय विकलं जातं. त्याच्या बंपरला त्याच जागी बंद प्लास्टिकचं झाकण असतं. ते झाकण सुट्टं मिळतं आणि लाइटपेक्षा बरंच स्वस्त असतं. पार्टच्या दुकानात 'बिनलाइटचं फॉग कव्हर' मागा, मॉडेल आणि साल सांगा. गाडीत भोक उघडं ठेवलं तर चिखल, खडे आणि उसाचं पाचट थेट आत जातं, जिथे हॉर्न आणि वायरी असतात.

नवा लाइट घेताना

डावा आणि उजवा लाइट बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो. जुन्या लाइटच्या मागे पार्ट नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो दुकानदाराला पाठवा. बल्बच्या बाबतीत तर आणखी सावध राहा. एच ८, एच ११ आणि एच १६ हे बल्ब दिसायला सख्खे भाऊ, पण साधारण १२ व्होल्टला त्यांची ताकद ३५, ५५ आणि १९ वॅट असते. १९ वॅटसाठी बनवलेल्या घरात ५५ वॅटचा बल्ब जबरदस्तीने बसवला तर प्लास्टिक वितळतं. असे दोन बल्ब मिळून सुमारे ९ अँपिअर करंट घेतात, तेवढा सोसायला मूळ वायर बनवलेली असेलच असं नाही.

फॉग लाइट काढण्यामागे अनेकांचा खरा हेतू वेगळाच असतो. कंपनीचे 'मिणमिणते' काढायचे आणि डोळे दिपवणारे एलईडी बसवायचे. इथे थांबायला हवं. हॅलोजनसाठी बनवलेल्या आरशात एलईडी बल्ब घातला की प्रकाशाचा उगम जागेवरून हलतो, ती कापलेली कड विस्कटते आणि उजेड वर फेकला जातो. स्वतःला धुक्यात कमी दिसतं आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला काहीच दिसत नाही.

कायद्यातही याला जागा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी असलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खराब झालेला लाइट काढून कंपनीचा तसाच लाइट बसवणं ही साधी दुरुस्ती आहे, तिला कुणाची हरकत नाही. पुढचे फॉग लाइट भारतात प्रत्येक गाडीला सक्तीचे नाहीत, म्हणूनच खालच्या व्हेरिएंटमध्ये ते येत नाहीत. वेगळं काही बसवायचं असेल तर गाडीची पासिंग जिथली आहे, एमएच २३ असेल तर बीड आणि एमएच ४४ असेल तर अंबाजोगाई, तिथल्या परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्या.

लाइट नसताना गाडी चालवायची वेळ आली तर

लाइट काढलाय, नवा यायचाय आणि पहाटे दवाखान्यात किंवा बाजाराला निघायचंय, असं होऊ शकतं. हेडलाइट डिपरवर ठेवा, अप्पर लावू नका. चारही इंडिकेटर एकदम चालू ठेवून धावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हे कळत नाही. आतून काच धुकटली असेल तर एसीची हवा काचेवर सोडा.

आणि फॉग लाइट असतानाही त्याच्याकडून एक अपेक्षा ठेवू नका. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर असला तरी तो धुळीने माखलेला किंवा लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला असतो. हंगामाच्या सुरुवातीला पोलीस आणि परिवहन विभाग ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात, त्या यासाठीच. रिफ्लेक्टर आपल्या गाडीचा उजेड परत आपल्याकडेच फेकतो, पण तो उजेड तिथपर्यंत पोहोचायला हवा आणि ते काम हेडलाइटचं आहे. फॉग लाइटचा चपटा झोत रस्त्यालगत राहतो, ट्रॉलीच्या मागच्या फळीपर्यंत तो चढेपर्यंत अंतर फार उरलेलं नसतं. त्यामुळे धुक्यात वेग इतकाच ठेवायचा, की जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे.

जुना काढलेला लाइट लगेच भंगारात देऊ नका. काच फुटली असली तरी बल्ब चांगला असेल तर तो स्पेअर म्हणून ठेवता येतो, लाइटचे कान आणि स्क्रू पुढे कधीतरी उपयोगी पडतात. हॅलोजन बल्ब टाकायचाच असेल तर फोडून टाकू नका, आत दाबाखाली वायू असतो आणि काचा उडतात. कागदात गुंडाळून वेगळा ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.